उतरायचा शब्द

"ते बाकीचं राहू द्या, सिस्टर. हुकूम कसा द्यायचा, तेवढंच शिकवाल का?"

सिस्टर इमेल्दा केळीची वाळलेली पानं काढत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं,

"कुणाला द्यायचाय?"

"मुलांना."

"मुलांना हुकूम कशाला?"

भालचंद्र शिरगावकर हसले. बाहेरच्या माणसांचे असले प्रश्न त्यांना नवे नव्हते.

वसईत त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. तीसेक वर्षं ते मल्लखांब शिकवत आले होते. लाकडी खांबावर मुलगे, टांगलेल्या दोरावर मुली. त्यांची मुलं राज्यात पहिली यायची. त्यांचा आवाज व्यायामशाळेच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर ऐकू यायचा. वर! धर! फिर! एका शब्दापेक्षा जास्त बोलावं लागलं, तर शिकवण्यात काहीतरी कमी पडलं, असं ते मानत.

आता कोलंबियातल्या एका डोंगराळ गावाने त्यांना बोलावलं होतं. तिथल्या शाळेला दोरीचा मल्लखांब सुरू करायचा होता. तिथे सगळे स्पॅनिश बोलणारे.

"दुभाष्या देणार आहेत ते," शिरगावकर म्हणाले. "पण पोरगं दोरावर असताना दुभाष्या काय कामाचा? माझ्या तोंडून निघालं पाहिजे आणि त्याच्या कानात पडलं पाहिजे. मधे कुणी नको."

सिस्टरांनी कोयता खाली ठेवला.

त्या मूळच्या वसईच्याच. तरुणपणी मठाने त्यांना त्याच डोंगरांत पाठवलं. तिथल्या मुलींच्या शाळेत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. म्हातारपणी परत आल्या, त्या या वृद्ध सिस्टरांच्या घरात. मागे केळी, थोडी चिकूची झाडं आणि विहीर.

"तुम्ही हट्टी दिसता," त्या म्हणाल्या.

"माझी मुलंही तेच म्हणतात."

"तुमच्या तोंडावर म्हणतात?"

शिरगावकरांनी रुमाल काढून मान पुसली.

"उद्या सकाळी या," सिस्टर म्हणाल्या.

*

"सुबिर म्हणजे चढणं," सिस्टर म्हणाल्या. "सरळमार्गी क्रियापद आहे. याच्यात खोड्या नाहीत. तू चढ म्हणायचं, तर सुबे."

"सुबे!"

चिकूवरचे पक्षी उडाले.

"मी बहिरी नाही, सर."

"सवय आहे," शिरगावकर म्हणाले. "पुढे?"

"आगारार. घट्ट धरणं. तू धर... आगारा. शेवटी आर असलेलं क्रियापद असेल, तर तू म्हणताना शेवटी आ येतो. एर किंवा इर असेल, तर ए."

"सोपं आहे."

"सोपंच आहे. आता गंमत ऐका. सुबे म्हणजे चढ. आणि सुबे म्हणजे 'तो चढतो' असंही. मुलगा आपणहून चढत असला, तरी सुबे. तुम्ही चढायला सांगितलं, तरी सुबे."

"मग ऐकणाऱ्याला कळतं कसं?"

"आवाजावरून."

शिरगावकरांना हे आवडलं. आवाज हे तर त्यांचंच खातं.

"पण हे रूप तुमच्या कामाचं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"का?"

"तुम्ही जिथे चाललात, तिथे मुलांना 'तुम्ही' म्हणतात. आई बाळाला म्हणते. धनगर कुत्र्याला म्हणतो."

"मी पोरांना अहोजाहो करू?"

"त्यांच्यात राहायचं असेल, तर करा."

शिरगावकर खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले,

"बरं. 'तुम्ही'चं सांगा."

"स्वर बदलायचे. आरच्या क्रियापदाने एरचा स्वर घ्यायचा, एर आणि इरने आरचा. सुबे होतं, ते सुबा. आगारा होतं, ते आगारे."

"उलटंच झालं की."

"हो. मान द्यायचा तर आपला स्वर सोडून दुसऱ्याचा घ्यावा लागतो." सिस्टर जराशा हसल्या. "हे व्याकरणात लिहिलेलं नाही. मी मुलींना लक्षात राहावं म्हणून सांगायची. आणि समोर खूपजण असले, तर शेवटी 'न' जोडा. सुबान. आगारेन."

शिरगावकर हुशार विद्यार्थी होते. दोन-तीन सकाळींत त्यांनी स्वरांची ही अदलाबदल तोंडात बसवली. धावा, कोर्रा. उडी मारा, साल्ते. श्वास घ्या, रेस्पिरे. बागेच्या वाटेवर येरझारा घालत ते एकेक शब्द फेकायचे. आतल्या खोलीतल्या म्हाताऱ्या सिस्टर खिडकीशी येऊन बघायच्या.

"बाखार," सिस्टर इमेल्दा एकदा म्हणाल्या. "उतरणं."

"ते राहू द्या."

"का?"

"उतर म्हणून सांगावं लागत नाही. झालं की उतरतात आपसूक."

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तरी एकदा म्हणा. तू उतर, बाखा. तुम्ही उतरा..."

"बाखे," शिरगावकरांनी घाईघाईने म्हटलं आणि विचारलं, "आणि 'अजून वर' कसं म्हणायचं?"

*

त्या सकाळी चिकू काढायला माणूस येऊन गेला होता. त्याची शिडी झाडाला तशीच टेकलेली होती.

"आज मी विद्यार्थिनी," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही हुकूम द्या. मी मराठी विसरले असं समजा."

शिरगावकर खुशीत आले. मैदानावर उभे राहतात तसे पाय रोवून उभे राहिले.

"रेस्पिरे!"

सिस्टरांनी श्वास घेतला.

"साल्ते!"

सिस्टरांनी टाचा जेमतेम उचलल्या. दोघंही हसले.

"सुबा!"

सिस्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्या शिडीपाशी गेल्या, झगा एका हाताने आवरला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"वा," शिरगावकर म्हणाले. "जमलं."

सिस्टर आणखी एक पायरी चढल्या.

"बास, सिस्टर. कळलं."

त्या चढत राहिल्या. एका पायावर भार देऊन दुसरा वर आणायचा, थांबायचं, पुन्हा तेच. ऐंशीच्या घरातली बाई. शिडी बुंध्यावर किंचित सरकली.

"सिस्टर, उतरा! चेष्टा पुरे."

"नो एन्तिएन्दो," वरून आवाज आला. समजत नाही.

शिरगावकर धावत शिडीपाशी गेले. दोन्ही हातांनी ती धरली. तोंडात येत होतं ते फक्त सुबा, आगारे, साल्ते. दुसरा शब्द कुठेतरी होता. त्यांनी तो एकदाच म्हटला होता.

"बाखा!" ते ओरडले.

"बाखा?" सिस्टरांनी वरूनच विचारलं. "उतरते? कोण उतरते?"

त्यांची सपाता घातलेली टाच शिरगावकरांच्या डोळ्यांसमोर होती. ती थरथरत होती.

आर. आरने एरचा स्वर घ्यायचा...

"बाखे," शिरगावकर म्हणाले. "बाखे, सिस्टर. बाखे."

सिस्टर उतरू लागल्या. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. जमिनीवर पाय टेकले, तेव्हा त्यांनाही धाप लागली होती.

शिरगावकरांनी शिडी सोडली नव्हती.

"असं करतात का, सिस्टर? पडला असतात तर?"

"तुम्ही सांगितलंत, मी केलं."

"मी उतरा म्हणालो होतो!"

"मला कळेल असं नाही म्हणालात."

शिरगावकर विहिरीच्या कठड्यावर बसले.

"शलाका," ते म्हणाले.

सिस्टरांनी विचारलं नाही, कोण शलाका. त्यांना ठाऊक होतं. वसईत सगळ्यांना ठाऊक होतं.

शिरगावकरांच्या हाताखालून गेलेल्या मुलींमध्ये दोरावर तिच्यासारखी दुसरी झाली नाही. एका वर्षी व्यायामशाळेच्या मैदानावर मोठे पाहुणे आले होते. शेवटचं प्रात्यक्षिक तिचं. अर्ध्या दोरावर ती थांबली आणि खाली बघत म्हणाली, "सर, पकड सुटतेय. उतरू?" पाहुण्यांच्या माना वर होत्या. शिरगावकर म्हणाले, "वर." ती वर गेली. वरून पडली.

जीव वाचला. डावा खांदा मात्र पुन्हा कधी नीट झाला नाही. हात खांद्याच्या वर जाईना. मुलगी मैदानावर परत आली नाही. कुणी विचारलं, की शिरगावकर सांगायचे, पोरगी गुणी होती, पण त्या दिवशी ऐकलं नाही तिने.

सिस्टर त्यांच्या शेजारी कठड्यावर टेकल्या.

"ऐकलं नव्हतं तिने?"

विहिरीत एक चिकू पडला. पाणी हललं, पुन्हा स्थिर झालं.

"ऐकलं होतं," शिरगावकर म्हणाले.

*

शलाका आता पालघरला राहत होती. तिथल्या पतपेढीत नोकरी, नवरा, एक मुलगी. शिरगावकरांनी पत्ता तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीकडून मिळवला. तसा तो कधीही मिळाला असता.

दुपार होती. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरी इतकी खाली बांधलेली होती, की चादरीचं टोक फरशीला टेकत होतं.

शिरगावकर फाटकापाशीच थांबले. दोरीकडे बघत राहिले.

"सर?"

तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

"या ना. आत या. बसा, मी पाणी आणते."

ते बसले. तिने पाणी दिलं.

"घ्या."

ते पाणी प्यायले. या, बसा, घ्या... इतके दिवस ते बागेत फिरत जे घोकत होते, तेच हे 'तुम्ही'चं रूप. ती किती सहज बोलत होती. कुठलाच शब्द अंगावर येत नव्हता.

"कोलंबियाला चाललात म्हणे," शलाका म्हणाली. "पेपरात वाचलं. फोटो जुना छापलाय तुमचा."

"हो." त्यांनी पेला खाली ठेवला. "शलाका, त्या दिवशी..."

"ते नको, सर."

"मी लोकांना सांगत आलो, की तू ऐकलं नाहीस."

"माहीत आहे."

"ते खरं नव्हतं."

"सर, तेही मला माहीत आहे. मीच होते ना दोरावर."

ती उठली. टोपलीतल्या वाळलेल्या कपड्यांच्या उगाचच घड्या करू लागली. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने दुमडायचं. डावा हात कमरेच्या आसपासच हलत होता.

"आईलाही तुम्ही तेच सांगितलंत," ती म्हणाली. "हॉस्पिटलात. आठवतं?"

शिरगावकरांनी मान हलवली.

"आईला ते पटलं. सर कसे खोटं बोलतील? शेवटपर्यंत म्हणायची, सरांचं ऐकलं असतंस, तर आज हात धड असता. मी आधी भांडायचे. मग सोडून दिलं. ती आजारी पडली, मग काय भांडायचं... तसंच मनात घेऊन गेली ती."

बाहेर एक रिक्षा थांबली, कुणीतरी उतरलं, रिक्षा गेली.

"कधी गेल्या?" शिरगावकरांनी विचारलं.

"झाली की वर्षं."

त्यांना ते माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं, असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते उभे राहिले. जे बोलायला ते आले होते, ते आता फार लहान वाटत होतं. तरी त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"मला माफ कर, शलाका."

शलाका घडी करता करता थांबली.

"आत्तासुद्धा तुम्ही सांगताच आहात, सर."

ती चिडून बोलली नव्हती. तेच त्यांना जास्त लागलं.

"त्या दिवशी तुम्ही उतर म्हणाला असतात ना, तर मी खूप चिडले असते तुमच्यावर," ती म्हणाली. "एवढ्या लोकांसमोर! वर्षभर बोलले नसते कदाचित. पण दोन्ही हात वर करून चिडले असते."

तिने हातातली घडी टोपलीत ठेवली.

"ते माफीचं मला अजून जमत नाही. येईल तेव्हा येईल. नाही आलं, तर तुम्ही रागावू नका."

"मी कशाला रागावू..."

"सवय आहे तुम्हाला." ती पहिल्यांदा थोडीशी हसली. मग विचारलं, "तिकडच्या मुलांना पहिलं काय शिकवणार?"

"पकड. मग चढणं."

"उतरायला शिकवा आधी."

ती आत गेली, चहा घेऊन आली. ते तो सगळा प्यायले. तेवढ्यात शाळेतून तिची मुलगी आली. दप्तर खाली टाकून ती या अनोळखी आजोबांकडे बघत राहिली. "हे माझे सर," शलाका म्हणाली. पुढे काही सांगितलं नाही.

निघताना त्यांनी अंगणात तशीच राहिलेली चादर दोरीवर टाकायला हात पुढे केला.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "माझं मी करते."

*

निघायच्या आदल्या दिवशी शिरगावकर बागेत आले, तेव्हा सिस्टर केळीला पाणी घालत होत्या. आज त्यांनी येरझारा घातल्या नाहीत. खुर्ची ओढून गप्प बसले.

"भेटलात?" सिस्टरांनी विचारलं.

"भेटलो."

"मग?"

"तिने चहा दिला."

सिस्टर पाणी घालत राहिल्या.

"एक क्रियापद हवंय," शिरगावकर म्हणाले. "माफ करणं."

"पेरदोनार. शेवटी आर. सरळमार्गी आहे. तुम्हीच करा रूप."

"पेरदोना..." ते थांबले. "नाही. ते 'तू'चं. पेरदोने."

"बरोबर."

"म्हणजे हाही हुकूमच?"

"रूप तेच."

"मी तिला माफ कर म्हणालो. ती म्हणाली, आत्तासुद्धा सांगताच आहात. मला वाटलं, तुमच्या भाषेत काही वेगळं असेल. न सांगता मागता येत असेल."

सिस्टरांनी नळ बंद केला. ओले हात पदराच्या टोकाला पुसल्यासारखे झग्याला पुसले आणि समोर येऊन बसल्या.

"शिकवताना मी तुम्हाला एक सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला घाई होती. 'तुम्ही'चं जे रूप आहे ना, सुबा, बाखे, पेरदोने... ते मुळात हुकमाचं नाहीच. 'असं व्हावं' अशी मनातली इच्छा बोलताना जे रूप वापरतात, तेच इथे आणून बसवलंय."

शिरगावकर पुढे झुकले.

"आपल्याकडे कसं... बसा वेगळं आणि बसावं वेगळं. बसावं म्हटलं, की समोरच्याला उभं राहायची मोकळीक असते."

"म्हणजे पेरदोने म्हणजे माफ कर नाही."

"नाही."

"माफ करावं..."

"हं."

त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. एकदा तिकडच्या भाषेत, एकदा आपल्या. आवाज इतका खाली होता, की खिडकीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सिस्टरांना तो ऐकू गेला नसावा. भिंतीपलीकडे जाण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"हे आधी कळलं असतं, तर..." ते म्हणाले.

केळीच्या आळ्यातलं पाणी मुरत होतं. सिस्टर तिकडे बघत होत्या.

"सिस्टर, असं म्हटल्यावर मिळते का माफी?"

सिस्टरांनी पायाशी पडलेलं वाळकं पान उचललं.

"तिकडे इतकी वर्षं काढलीत. कुणाला तरी कधी म्हटलं असेल तुम्ही. पेरदोने... म्हटलं होतंत?"

सिस्टर इमेल्दांनी चष्मा काढला. तो पुसायला घेतला आणि न पुसताच मांडीवर ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी ते फक्त शिकवलं."